एनईएफटी अर्ध्या तासात जाते, मग दुपार कुठे जाते? सीमाभागातल्या सहकारी बँकांच्या पेमेंट विभागासाठी

सकाळी साडेदहाला बेळगावच्या मार्केट यार्डातला रताळ्याचा अडत्या एनईएफटीची, म्हणजे दुसऱ्या बँकेतल्या खात्यावर पैसे पाठवायची, स्लिप काउंटरवर ठेवतो. उचगावच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज वाजतो दुपारी साडेतीनला. मधल्या पाच तासांचं खापर सगळे मिळून सर्व्हरवर फोडतात आणि जेवायला जातात.

सर्व्हरचा दोष यात फारच थोडा असतो. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसाला ४८ बॅचेस निघतात. मोठ्या रकमांची आरटीजीएसही १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू झाली. बाहेरचा रस्ता रात्रंदिवस मोकळा आहे. वेळ जातो तो आपल्या घरात: स्लिप ट्रेमध्ये पडून राहते, एंट्री झालेला व्यवहार पासिंगची, म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मंजुरीची, वाट बघतो, चुकीच्या खाते क्रमांकामुळे पैसे परत येतात आणि तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. म्हणून विभागाचा वेग वाढवायचा असेल तर अडकणारे आणि परत येणारे व्यवहार धरावेत. सरळ जाणारे तसेही वेगानेच जातात, त्यांच्यावर मेहनत घेऊन हाती काही लागत नाही.

हा लेख बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यातल्या नागरी सहकारी बँकांच्या शाखाधिकाऱ्यांसाठी आणि बॅक ऑफिसच्या लोकांसाठी आहे. त्यातही ज्यांचे व्यवहार मोठ्या स्पॉन्सर बँकेमार्फत (त्यांच्या वतीने पैसे पुढे पाठवणाऱ्या बँकेमार्फत) जातात त्यांच्यासाठी. सौहार्द सहकारी आणि क्रेडिट सोसायट्या म्हणजे बँका नव्हेत, पण त्यांचे पगार आणि बिलं कुठल्या तरी बँकेतल्या चालू खात्यातूनच निघतात. एक्सेल फायलींचा भाग त्यांच्याही उपयोगाचा आहे.

आधी एक आठवडा नुसतं बघा

नवीन सॉफ्टवेअरची कोटेशनं मागवण्याआधी एक रजिस्टर उघडा. प्रत्येक बाहेर जाणाऱ्या पेमेंटच्या चार वेळा लिहा: स्लिप मिळाली कधी, एंट्री झाली कधी, पास झाली कधी, यूटीआर नंबर (व्यवहार गेल्याचा क्रमांक) पडला कधी. शेवटच्या तीन वेळा सिस्टीममध्ये असतात, पहिली कुठेच नसते. म्हणून स्लिपवर वेळेचा शिक्का मारायला लावा. काउंटरवरचे लोक चार दिवस कुरकुर करतील, मग सवय होईल.

आठवड्याचे आकडे समोर आले की बहुतेक ठिकाणी चित्र सारखंच निघतं. एंट्रीला तीन-चार मिनिटं लागतात. स्लिप ते एंट्री आणि एंट्री ते पासिंग या दोन फटींत तास जातात. याच आठवड्यात परत आलेल्या प्रत्येक व्यवहाराचं कारणही वेगळ्या पानावर लिहा: खाते क्रमांक चुकला, आयएफएससी (शाखेचा कोड) जुना, खातं बंद, नाव जुळेना. हे पान जपून ठेवा. पुढची सगळी कामं त्याच्यावरून ठरतात. कुठलं काम आधी घ्यायचं हे मीटिंगमध्ये मतं विचारून ठरवू नका.

स्लिप, आकडे आणि नावं

आपल्या भागातली खास अडचण इथे आहे. ग्राहक स्लिप मराठीत भरतो, त्याच्या आधारवर नाव कानडी आणि इंग्रजीत, आणि कोअर बँकिंगमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, सगळं इंग्रजीत. तिन्ही ठिकाणी एकच माणूस, पण स्पेलिंग तीन.

आधी आकड्यांचं बघू. देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. देवनागरी ४ चा वरचा भाग जुळला की तो इंग्रजी आठ होतो. देवनागरी ५ ची शेपूट लांबली की इंग्रजी चार. एखाद्या आजोबांनी अर्धा क्रमांक मराठीत आणि अर्धा इंग्रजीत लिहिला असेल तर एंट्री करणाऱ्याने काय ताडायचं? आणि या चुकीला पुढे कुणी अडवत नाही, कारण एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये समोरची बँक फक्त खाते क्रमांकावर पैसे जमा करते, नाव जुळवून बघण्याचं बंधन तिच्यावर नाही. चुकलेला क्रमांक दुसऱ्या कुणाचा चालू खाते क्रमांक निघाला तर पैसे तिकडेच जातात. मग ते मागे आणायला पत्रं, फोन, विनवण्या, आणि समोरचा पैसे काढून मोकळा झाला असेल तर पोलीस.

तेव्हा स्लिप नव्याने छापा. मराठी, कानडी, इंग्रजी तिन्ही भाषांत मथळे. खाते क्रमांकासाठी एका आकड्याला एक चौकोन, आणि हा क्रमांक दोनदा लिहायची जागा. चौकोनांच्या वर बारीक अक्षरात "आकडे इंग्रजीत लिहा" आणि खाली छापलेले शून्य ते नऊ नमुन्याला. ग्राहकाला इंग्रजी आकडे येत नसतील तर काउंटरवरच्याने भरून द्यावेत आणि त्याला वाचून दाखवावेत. मोबाइल नंबरचा रकाना सक्तीचा ठेवा, कारण व्यवहार परत आला तर ग्राहकाला शोधत बसण्यात अर्धा दिवस जातो.

दुसरं हत्यार हातात आलेलं आहे आणि बरीच माणसं ते वापरत नाहीत. रिझर्व्ह बँकेने एनईएफटी आणि आरटीजीएसच्या सगळ्या सदस्य आणि उपसदस्य बँकांना १ एप्रिल २०२५ पर्यंत लाभार्थ्याचं नाव आधी दाखवण्याची सोय द्यायला सांगितली. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेत नोंदलेलं नाव पडद्यावर येतं. ही सोय फक्त मोबाइल ॲपपुरती नाही, शाखेत येणाऱ्या ग्राहकासाठीही आहे. एंट्री करणाऱ्याला सांगून ठेवा: नाव आलं की ग्राहक समोर उभा असतानाच मोठ्याने वाचायचं. "चौगुले, बरोबर?" स्पेलिंग 'ओयू'ने आहे की 'एयू'ने यावर अडायचं नाही. आडनाव आणि पहिलं नाव कानाला तेच लागलं तर पुढे जायचं. लग्नानंतरचं नाव आणि माहेरचं नाव असा फरक असेल तर ग्राहकाला विचारून स्लिपवर दोन शब्द लिहून घ्यायचे. अगदीच भलतं नाव आलं तर मात्र थांबायचं. या अर्ध्या मिनिटाने रिटर्नच्या पानावरच्या किती तरी ओळी कमी होतात.

आयएफएससीचं दुखणं वेगळं. अकरा अक्षरांच्या या कोडमध्ये पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी 'ओ' कधीच नसतं. ही तपासणी सॉफ्टवेअरवाल्याला पाच मिनिटांत घालता येते. विलीनीकरणाचे कोड त्याहून त्रासदायक. आपल्याकडे सिंडिकेट बँकेच्या शाखा भरपूर होत्या. ती १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत गेली आणि तिचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले, तरी गावाकडचा माणूस अजून कपाटातलं जुनं पासबुकच घेऊन येतो. १ मे २०२५ ला कर्नाटक विकास ग्रामीण बँकही नव्या कर्नाटक ग्रामीण बँकेत सामावली. कोडची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरून महिन्यातून एकदा अद्ययावत करण्याचं काम एका ठराविक माणसाच्या नावावर टाका. "सगळ्यांनी लक्ष ठेवावे" असं सर्क्युलर काढलं तर कुणीच ठेवणार नाही.

उसाच्या बिलांची फाइल

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते निपाणी-चिकोडीकडच्या कुणालाही विचारा. पण कारखान्याने बिल सोडलं की ते एकदम सोडतो, आणि हजार-बाराशे नावांची एक्सेल फाइल दुपारी चारला बँकेत येऊन पडते. दूध संस्थेची दहा दिवसांची बिलं, उद्यमबागेतल्या फाउंड्रीचे पगार, वडगावच्या विणकरांची मजुरी, सगळ्यांची तीच तऱ्हा.

अशा फायली एकेक करून हाताने एंट्री करणाऱ्या शाखा अजून आहेत. ते आजच बंद करा. बल्क अपलोडची (सगळी फाइल एकदम चढवायची) सोय बहुतेक कोअर बँकिंगमध्ये आहे, नसेल तर स्पॉन्सर बँकेच्या पोर्टलवर असते. पण अपलोड करण्याआधी एक्सेलचे दोन खोडे माहीत हवेत.

पहिला: खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य एक्सेल गिळून टाकतं. दुसरा जास्त वाईट. एक्सेल पंधरा आकड्यांपर्यंतच संख्या अचूक ठेवतं. खाते क्रमांक सोळा आकडी असेल तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. सातने संपणारं खातं, आठने संपणारं खातं, सगळी शून्याने संपतात. रकमांची बेरीज बरोबर येते, नावं बरोबर असतात, कुणाला शंका येत नाही. फाइल एकदा अशी सेव्ह झाली की मूळ आकडा परत येत नाही, नंतर रकाना टेक्स्ट केला तरी नाही. म्हणून रिकामी फाइल बँकेने तयार करून द्यायची, त्यात खाते क्रमांकाचा रकाना आधीच टेक्स्ट केलेला, आणि संस्थेच्या क्लार्कने त्यातच भरायचं.

फाइल आल्यावर तीन बेरजा जुळवा. नावांची संख्या, एकूण रक्कम, आणि सगळ्या खाते क्रमांकांच्या शेवटच्या चार आकड्यांची बेरीज. ही तिसरी बेरीज ऐकायला विचित्र वाटते, तिला तसा काही अर्थही नाही, पण शेवटचा आकडा उडाला किंवा दोन ओळींची अदलाबदल होऊन एखादा क्रमांक दोनदा आला तर ती लगेच बोंब मारते. संस्थेने ती आपल्या मूळ सॉफ्टवेअरमधून काढून लेटरहेडवर लिहून द्यायची, एक्सेलमधून नाही. नाहीतर चूकच चुकीशी जुळेल.

आणि नेहमीच्या संस्थांची लाभार्थ्यांची यादी बँकेत साठवून ठेवा. हंगाम सुरू होण्याआधी, सप्टेंबरात, सगळी खाती नाव बघण्याच्या सोयीतून एकदा तपासून घ्या. मग दर पंधरवड्याला फक्त रक्कम बदलायची. नवीन किंवा बदललेलं खातं असेल तेवढंच वेगळ्या रंगात यावं आणि तेवढंच पासिंग ऑफिसरने डोळ्यांखालून घालावं.

पासिंगची रांग

एंट्री करणारे तीन आणि पास करणारा एक, तोही कर्जाच्या फायलींत बुडालेला किंवा हेड ऑफिसच्या मीटिंगला गेलेला. मग घाईत जे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: साहेबांचा पासवर्ड क्लार्कला माहीत असतो. यावर मी मवाळपणे बोलणार नाही. दोन माणसांच्या नियमाचा त्यात खून होतो, आणि उद्या भानगड झाली तर लॉग साहेबांच्या नावाचा असतो.

उपाय मर्यादा वाटून देण्यात आहे. लहान रकमांना, समजा पन्नास हजारांपर्यंत, दुसऱ्या कोणत्याही अधिकृत क्लार्कने पास करावं. त्यावर अधिकारी. आरटीजीएस दोन लाखांपासूनच सुरू होते, तिथे फार मोठ्या रकमेला दोन अधिकारी. नेमके आकडे तुमच्या बोर्डाने ठरवायचे, आणि ते लेखी हवेत. प्रत्येक पासिंग ऑफिसरला एक पर्यायी माणूस नेमा, आणि रजेच्या अर्जावरच त्याची सही घ्या.

दुसरं, पासिंगच्या वेळा बॅचशी बांधा. अकरा वाजून वीस मिनिटांनी पास झालेली एनईएफटी साडेअकराच्या बॅचला सापडते, अकरा पस्तीसला पास झालेली बाराच्या. तुमच्या आणि स्पॉन्सर बँकेच्या मध्ये फाइल जायला जेवढी मिनिटं लागतात तेवढी मागे मोजा आणि त्या वेळेला रांग रिकामी करायची सवय लावा. दिवसभर तुकड्या-तुकड्याने पडदा बघण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं पूर्ण लक्ष दिलेलं बरं, चुकाही कमी होतात.

स्पॉन्सर बँकेतली शिल्लक आणि दोन राज्यांच्या सुट्ट्या

रांग रिकामी असूनही पैसे जात नाहीत, याचं कारण कधीकधी इतकंच असतं की स्पॉन्सर बँकेतल्या आपल्या खात्यात शिल्लक कमी पडली. उसाच्या बिलाच्या दिवशी हे हमखास होतं. मोठ्या फायली देणाऱ्या संस्थांकडून आदल्या दिवशी अंदाजे रक्कम कळवून घ्या, आणि सकाळी दहाला, दुपारी एकला, चारला शिल्लक बघायची जबाबदारी एकाकडे द्या. ठराविक पातळीखाली शिल्लक गेली की मोबाइलवर सूचना येईल अशी सोय स्पॉन्सर बँकेकडून मागून घ्या.

सीमाभागाचा इथे आणखी एक पेच आहे. व्यवहार कोल्हापूर किंवा सांगलीच्या शाखेमार्फत असतील तर १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची तिथे सुट्टी, इथे शाखा चालू. १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाची इथे सुट्टी, तिथे काम चालू. एनईएफटी दोन्ही दिवशी धावत असते, पण समोर फोन उचलणारा कुणी नसतो आणि शिल्लक भरून देणारा हातही नसतो. जानेवारीतच दोन्ही राज्यांच्या यादीवरून अशा तारखा शोधून भिंतीवर लावा आणि आदल्या दिवशी जादा शिल्लक ठेवा.

चेक

चेक कमी झालेत, संपलेले नाहीत. रविवार पेठेतले व्यापारी अजून चेकबुकावरच चालतात. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंगची रीत बदलली. आता चेक स्कॅन झाला की दिवसभर सतत पुढे जात राहतो, आणि ज्याच्या ग्राहकाचा चेक आहे त्या बँकेने संध्याकाळी सातपर्यंत हो-नाही कळवलं नाही तर चेक मान्य धरून हिशेबात घेतला जातो. पुढच्या टप्प्यात ही मुदत तीन तासांची करायचं धोरण आहे. म्हणजे दुपारचे सगळे चेक गठ्ठा करून स्कॅन करायची जुनी सवय सोडा. तासाला एकदा स्कॅनर चालवा, आणि आत येणारे चेक तपासायला संध्याकाळी पाचनंतरही एक जबाबदार माणूस असू द्या. खात्यात शिल्लक नसलेला चेक केवळ कुणी बघितला नाही म्हणून मान्य झाला तर भुर्दंड बँकेला.

काउंटरवर चेक घेतानाच टाचणी काढा, आणि शिक्का खालच्या पांढऱ्या पट्टीवर पडू देऊ नका. तिथला नऊ आकडी एमआयसीआर कोड मशीनला वाचता आला नाही की तो चेक हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकसाठी पॉझिटिव्ह पेची, म्हणजे ग्राहकाने चेकचा तपशील बँकेला आधीच कळवायची, सोय जानेवारी २०२१ पासून आहे. मोठ्या व्यापाऱ्यांना ती वापरायला लावा, शंकेचे फोन निम्मे होतात.

आत येणारे पैसे आणि परतीचं घड्याळ

सगळ्यांचं लक्ष बाहेर जाणाऱ्या पैशावर, दंड मात्र आत येणाऱ्यावर बसतो. आलेली एनईएफटी खात्यात जमा करता येत नसेल तर बॅच संपल्यापासून दोन तासांत परत पाठवायची असते, आरटीजीएस एका तासात. उशीर झाला तर रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना कर्ज देते तो दर) अधिक दोन टक्के व्याज ग्राहकाला, तेही त्याने न मागता. जमा न झालेली रक्कम सस्पेन्स (तात्पुरत्या) खात्यात टाकून "उद्या बघू" म्हणणं म्हणूनच महागात पडतं. सस्पेन्समधली प्रत्येक नोंद तासाला एकदा बघायची, आणि कारण सापडलं नाही तर परत पाठवायची. खातेदाराला ओळखतो म्हणून जुळवून जमा करण्याचा मोह टाळा.

सरकारी योजनांचे पैसे आधारवर येतात आणि ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी जोडलं असेल तिथेच जातात. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार "आले नाहीत" म्हणून बायका काउंटरवर येतात, आणि ते दुसऱ्याच बँकेत जमा झालेले असतात. काउंटरवरच्या माणसाला आधार कुठल्या बँकेला जोडलेलं आहे हे बघायला शिकवा. त्याचं पाच मिनिटांचं काम तुमच्या बॅक ऑफिसच्या अर्ध्या तासाच्या शोधाशोधीची बचत करतं.

टॅली रोजची रोज

कोअर बँकिंगची नोंद, स्पॉन्सर बँकेचं स्टेटमेंट आणि एनपीसीआयची (यूपीआय आणि आयएमपीएस चालवणाऱ्या संस्थेची) फाइल, या तिन्ही रोज सकाळी अकराच्या आत जुळल्या पाहिजेत. महिनाअखेरीला टॅली करणाऱ्या बँकेत तिसाव्या दिवशी पहिल्या दिवसाचा फरक कुणालाच आठवत नाही.

जुळलेल्या ओळी बघूच नका, त्या मशीनला जुळवू द्या. माणसाने फक्त उरलेल्या बघायच्या. त्यातही आधी यूपीआय आणि आयएमपीएसचे असे व्यवहार, ज्यात आपल्या ग्राहकाचे पैसे कापले गेले आणि समोर पोचले नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमानुसार असे पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा व्हायला हवेत, त्यानंतर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून गेले तर पाच दिवस. तक्रार येण्याची वाट बघायची नसते, भरपाई आपणहून द्यायची असते. उरलेल्या नोंदींची यादी वयानुसार लावा, सगळ्यात जुनी वर. तीन दिवसांपेक्षा जुनी नोंद असेल तर ती थेट जनरल मॅनेजरच्या टेबलावर जाऊ द्या. कुणाला ते आवडत नाही, म्हणूनच काम होतं.

मोजायचं काय

किती व्यवहार केले हा आकडा मोजून काही कळत नाही. तो कारखान्याच्या हंगामावर हलतो. दर आठवड्याला तीन गोष्टी बघा: कुणी हात न लावता पहिल्या फटक्यात गेलेल्या पेमेंटचा शेकडा, स्लिपपासून यूटीआरपर्यंतचा वेळ, आणि सस्पेन्समधल्या सगळ्यात जुन्या नोंदीचं वय. वेळेची सरासरी काढू नका. सरासरीत पाच तास अडकलेला अडत्या दिसत नाही. शंभरातल्या सगळ्यात संथ दहा व्यवहारांची यादी काढा आणि शनिवारी चहाच्या वेळी विभागातल्या सगळ्यांनी मिळून ती वाचा, ज्याने एंट्री केली त्याचं नाव न घेता. पहिल्या महिन्यात त्या यादीत बहुधा खाते क्रमांक आणि पासिंग असेल. ते आटोक्यात आलं की स्पॉन्सर बँकेची शिल्लक वर येईल, मग त्या क्रमाने पुढचं काम हाती घ्या.